कर्नाळ्याचा मुक्काम

सुट्टीत प्राचीन अवशेष आणि समुद्र दोन्ही पाहायचे असतील, तर पनवेलजवळ मुक्काम करा. कर्नाळा किल्ल्याच्या आसपास राहायला फार्महाऊस मिळतात. सकाळी लवकर कर्नाळा अभयारण्यातून गड चढा. माथ्यावर अंगठ्यासारखा बेसाल्टचा सुळका, त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी, जवळच पडका वाडा. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता. १६७०मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. उतरल्यावर आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव शिरढोण पाहा आणि संध्याकाळी उरणचा पिरवाडी किनारा गाठा. एक विनंती: सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. गडावर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा, प्लास्टिक मागे सोडू नका.