नदीकाठ पायांनी पाहावा

भोरला येणारा पाहुणा कापूरहोळला पुणे-सातारा हमरस्ता सोडतो, वाटेत नीरेचे ते प्रसिद्ध वळण वरून पाहतो, छायाचित्र काढतो आणि राजवाड्याकडे निघून जातो. नदी पाहिली, असे तो घरी गेल्यावर सांगतो. माझ्या मते त्याने नदीची तसबीर पाहिली. नदीकाठ ही पायांनी पाहण्याची गोष्ट आहे; फार तर सायकलने. मुंबईच्या चौपाटीकडची मुले चाकांचे बूट घालून सुळकन जातात म्हणे. आमच्या दगडधोंड्यांत ते बूट काढून हातातच धरावे लागतील!

सुरुवात गावातूनच करू. १८६९ साली बांधलेला पंतसचिवांचा वाडा सिनेमावाल्यांमुळे आता साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण तिथून नदीच्या अंगाला उतरा. जुनी वस्ती नदीकडे तोंड करून असे, कारण पाणी, धुणे, गुरे, देवपूजा सगळे तिकडेच. घरात नळ आला आणि घराने नदीकडे पाठ फिरवली. जिथे अंगण होते तिथे परसू झाले, आणि परसवात माणूस काय टाकतो ते मी सांगायला नको. १९४८ साली संस्थान विलीन झाले, हा बदल इतिहासाच्या पुस्तकात आहे. घराने नदीकडे पाठ फिरवली, हा बदल कोणी लिहून ठेवलेला नाही. तो चालताना दिसतो.

आता सायकल काढा आणि भाटघरला चला. नीरेला मिळणाऱ्या वेळवंडी नदीवरचे हे धरण १९२८ साली पुरे झाले. भिंत दगडी, दीड किलोमीटरहून अधिक लांब. गव्हर्नर लॉइड यांचे नाव तिला दिलेले होते. आज जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. त्याच नदीवर एकोणिसाव्या शतकात बांधलेले आधीचे एक धरण या नव्या धरणाच्या पाण्याखाली गेले. म्हणजे इथे धरणानेच धरण बुडवले! साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी इथे साठते आणि पुढे वीर धरणावरून नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. तिकडच्या उसाची मुळे आमच्या खोऱ्यात आहेत, हे ऊस खाताना कोणाच्या ध्यानात येत नाही. येण्याची सक्तीही नाही म्हणा.

शहराचा किनारा दगडी कट्ट्याने एका जागी बांधून ठेवता येतो. धरणाच्या फुगवट्याचा किनारा मात्र दर महिन्याला जागा सोडतो. श्रावण-भाद्रपदात पाणी बांधाला लागलेले असते. उन्हाळ्यात ते इतके मागे हटते की बुडालेल्या वाटा आणि जुन्या घरांचे जोते पुन्हा वर येतात. वेळवंड गावाजवळचे कांबरेश्वराचे जुने मंदिर वर्षातले बहुतेक महिने पाण्यात असते आणि ऐन उन्हाळ्यात उघडे पडते. मग माणसे गाळ तुडवीत दर्शनाला जातात. उघड्या पडलेल्या ओलाव्यावर कोणी गाळपेर करतो. पाणी चढायच्या आत पीक हाती आले तर नशीब. किनारा बदलतो म्हणजे काय, हे त्या शेतकऱ्याला विचारावे. माझ्यासारख्या मास्तराला नव्हे.

मला खरी काळजी आहे ती निराळ्याच बदलाची. भाटघर काय, महाड रस्त्यावरचे नीरा-देवघर काय, वेल्ह्याकडचे पानशेत-वरसगाव काय, जिथे पाण्याचे दर्शन होते तिथे तारेचे कुंपण उभे राहू लागले आहे. आत बंगला, बाहेर फाटक. बुडिताच्या वेळी गावे वर सरकली. वर सरकलेल्यांची पाण्याकडे उतरायची पाऊलवाट आता खाली विकली जात आहे. गुरे पाण्यावर न्यायला वळसा पडतो. ही वाट कागदावर नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी ती मळलेली आहे. वाट नाही कशी म्हणावी?

वेल्ह्याचे नाव घेतले म्हणून सांगतो. शासनाने या तालुक्याला राजगड हे नाव दिले, तरी तोंडात अजून वेल्हेच येते. याच तालुक्यातील आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्याचा नदीकाठ एका दिवसात पार बदलला. काठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या, गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती दूर माळावर उभ्या राहिल्या. आज पुणे महापालिका मुळा-मुठेचे काठ बांधून काढते आहे. चव्वेचाळीस किलोमीटरची योजना आहे. फिरायला रस्ता, सायकलीला वेगळी पट्टी. साबरमतीच्या काठी अहमदाबादने हेच आधी केले. चांगले आहे, शहरातल्या माणसाला पाण्याजवळ बसायला जागा हवीच. परंतु नदीला फुगायला जागा लागते, आणि ती जागा काठच्या मोकळ्या जमिनीतूनच मिळते. काठ आवळला की पाणी कुठे जाणार? १९६१ पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही.

आमच्या भोरलाही उद्या कोणी असाच काठ बांधायचा म्हणेल. म्हणू द्या. आधी नकाशा करणाऱ्याने वाड्यामागून निघून नदीच्या कडेकडेने एकदा भरपावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात चालावे, धुणे धुणाऱ्या बायांना आणि गुराख्याला वाटा विचाराव्यात आणि मग पेन्सिल उचलावी.

श्रोत्यांपैकी कोणाला यायचे असेल तर दोन सूचना. धरण भरले की भाटघरचे पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. त्या दिवसांत खालच्या पात्रात कोणीही उतरू नये, पुलावरूनच पाहावे. आणि वेळवंडला जायचे ते मे महिन्यात, सकाळच्या उन्हात, पायात जुन्या वहाणा घालून. गाळ दिसतो त्यापेक्षा खोल असतो. गावातला एखादा मुलगा पुढे चालत असेल, तर त्याच्याच पावलावर पाऊल ठेवा.