गोष्ट विणीत उतरावी





पुस्तकांतून आणि कथांतून वस्तू कशी घडते, यावरच्या या परिषदेसाठी सोलापूर का निवडलं, असं मला काहींनी विचारलं. सोलापूर म्हटलं की चादर, टॉवेल आणि शेंगाचटणी. पुस्तकांचा इथे काय संबंध? माझं उत्तर असं की, या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत गोष्टी सांगितल्या जातात आणि त्यांतल्या कित्येकांना हात लावून बघता येतो.

आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकातले शिवयोगी, कन्नड वचनकार. एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह लावायला सांगितलं, अशी कथा आहे. दर जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत, त्या योगदंडाचं प्रतीक म्हणून सात उंच नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ते पेलतात आणि संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात. कथा एका मुलीच्या हट्टाची. पण तिच्यातून वस्तू अशी घडली की ती मिरवायला अख्खं गाव लागतं. रचनाकारांनी हे जरूर टिपून घ्यावं.

दुसरी गोष्ट आमच्या पूर्व भागातली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने इथले माग नावारूपाला आणले. मार्कंडेयांचे पुत्र भावनाऋषी यांनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणलं, ही त्यांची कुळकथा. तेलंगणात ती सांगणारे कुनपुली कथेकरी असत. चेरियालच्या नकाशी चित्रकारांनी रंगवलेला लांबलचक कापडी पट ते विणकरांपुढे उलगडत. पट सरकेल तशी कथा सरके. विणकराची कथा विणकरालाच, तीही कापडावर!

आता मागाकडे या. जॅकार्ड मागावर मोर काढायचा तर नक्षीकार आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरतो. ताण्याचा धागा वर उचलायचा की खालीच ठेवायचा, हे एकेक चौकोन सांगतो. त्याबरहुकूम कार्डांना भोकं पडतात, कार्डं क्रमाने ओवली जातात आणि धोट्याच्या प्रत्येक फेरीला नवं कार्ड पुढे येतं. दोन कार्डांची अदलाबदल झाली की नक्षी तिथेच बिघडते. पुस्तकाची पानं उलटसुलट बांधली तर वाचकाचं जे होईल, तेच. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास आलेल्या या युक्तीवर पुढे त्याच शतकात लियाँ शहरातल्या कारागिरांनी प्रार्थनेचं एक संपूर्ण पुस्तक रेशमात विणलं. त्यात छपाई नाही. अक्षरंही विणलेली आणि चित्रंही.

मला या परिषदेपुढे एकच मुद्दा ठेवायचा आहे. कपावर अभंगाची ओळ छापली किंवा पिशवीवर कादंबरीचं मुखपृष्ठ छापलं, की तिला साहित्यातून घडलेली वस्तू म्हणायचा हल्ली प्रघात पडला आहे. ते विकलं जावं, माझी हरकत नाही. पण ती ओळ पुसली तर कप कपच राहतो. उलट सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हा पत्त्यांचा खेळ बघा. गोल, लाखेचा हात दिलेली 120 पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. गंमत पुढेच आहे. खेळ दिवसा मांडला तर उतारी रामाच्या राजाची, रात्री मांडला तर कृष्णाच्या. राम सूर्यवंशी, कृष्ण मध्यरात्री जन्मलेला. कथा इथे नियमात शिरली आहे. ती काढून घेतली तर खेळच उरत नाही.

सोलापूरला या फरकाची झळ बसते. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तिच्या नावाने भलतीच चादर बाजारात खपते. वरवरची नक्षी आठवड्यात उचलली जाते. पण वीण, रंग, माप, घडी या सगळ्यांचा निर्णय जिथे गोष्ट घेते, ती वस्तू चोरायला आधी गोष्ट कळावी लागते.

म्हणून पाहुण्यांना माझी विनंती आहे. सभागृहातल्या चर्चा होतीलच. पण संध्याकाळी पूर्व भागात या, कार्डं पंच करणाऱ्याशेजारी बसा, कांड्या भरणाऱ्या मावशींशी बोला. लेखकांनी त्यांना एखादी गोष्ट सांगावी आणि ती मागावर चढेल का, हे त्यांनाच विचारावं. ‘नाही चढणार’ म्हणाले तर का, तेही ऐकावं. अशा बैठकीतून एक जरी नमुना ग्राफ पेपरवर उतरला, तर स्वागत समितीचे कष्ट सार्थकी लागले असं मी समजेन.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. तिखट सोसवेना तर दही मागून घ्या, संकोच नको. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर माझ्या कार्यकर्त्यांना न रागावता मला सांगा.

अध्यक्षांना परिषदेची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.