‘घरी न्या’ म्हटल्यानंतर



राज्यभरातून आलेल्या डॉक्टर, परिचारिका, आशाताई व स्वयंसेवकांची ही परिषद पुण्यात भरते आहे. याच शहरात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे केंद्र कर्करुग्णांना विनामूल्य पॅलिएटिव्ह केअर देत आहे. त्याआधी, १९८६ मध्ये, मुंबईत वांद्र्याला डॉ. लुई डिसोझा यांनी शांती आवेदना सदन उभे केले. देशातले ते पहिले हॉस्पिस. त्या सर्वांचे ऋण मी आरंभीच मान्य करतो.

पण आजार बरा होण्याजोगा उरला नाही की ‘आता घरी न्या,’ असे सांगून रुग्णाला रुग्णालयातून सोडले जाते. त्यानंतर त्या घरात काय होते? तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाच्या गालावरची जखम चिघळते, वास सुटतो. ताट दारातूनच आत सरकवले जाते, नातवंडांना त्या खोलीत जाऊ देत नाहीत. मग आपल्यापैकी एखादी परिचारिका तिथे पोहोचते. जखम सलाईनने धुते, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची वस्त्रगाळ पूड करून जखमेवर भुरभुरते, ड्रेसिंग करते आणि हे सारे घरच्यांना शिकवून येते. काही दिवसांत वास कमी होतो, नातू आजोबांच्या खाटेवर येऊन बसतो. हे उच्च दर्जाचे वैद्यक आहे, असे मी मानतो. मूत्रपिंड, हृदय, फुफ्फुसांच्या जुनाट आजारांतही पॅलिएटिव्ह केअरची तितकीच गरज असते, आणि तीही निदान झाल्यापासून; अखेरच्या आठवड्यात नव्हे.

वेदनेबाबत मात्र आपण फार मागे आहोत, आणि याचे मला मनापासून दुःख होते. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची साधी गोळी, रुग्णागणिक मात्रा ठरवून, साधारणपणे दर चार तासांनी, आणि सोबत बद्धकोष्ठतेचे औषध: एवढ्याने असंख्य माणसे रात्री झोपू शकतात. आपल्या देशात मध्य प्रदेश-राजस्थानात अफूची कायदेशीर शेती होते, तरी आपल्याच रुग्णाला ही गोळी सहज मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळाला कंटाळून अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ते जंजाळ बरेच सुटले; आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता पुरते. पण ‘मॉर्फिन लागलं म्हणजे संपलंच’ ही भीती घरच्यांइतकीच डॉक्टरांच्याही मनात आहे. केरळने २००८ मध्ये धोरण करून पंचायतींना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना या कामात ओढले. आपल्या गावांत तेवढी माया नक्कीच आहे.

म्हणून यजमान या नात्याने माझे एक मागणे आहे. आपापल्या तालुक्यात मॉर्फिन कुठे मिळते, कुणाला लिहून देता येते आणि कुठे अडते, हे प्रत्येकाने या परिषदेत मांडावे. स्वागत समिती ती यादी करून औषध प्रशासनाकडे नेईल आणि पाठपुरावा करील. निवास-भोजनात काही उणे वाटले तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आता मी अध्यक्षांना परिषदेचे काम सुरू करण्याची विनंती करतो.