आजोबांची नोंद आणि नातवाचे नागरिकत्व

(संविधान दिनी नातेपुते येथे केलेले भाषण)



संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले, हे आपण जाणतोच. परंतु नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू झाली होती. या देशाचा नागरिक कोण, हे आधी ठरले. एखादे कलम सोडले तर नागरिकत्वाच्या कलमाइतकी डोकेदुखी मसुदा समितीला दुसऱ्या कशाने झाली नाही, असे बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत सांगितले होते.

यातील ९ वे कलम आज आमच्या बोलण्याचा विषय आहे. स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही, हे त्याचे तत्त्व. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही ते आले. आपल्या शेजारच्या गोव्यात त्याचा अनुभव घरोघरी आला आहे.

गोवा १५१० पासून पोर्तुगीजांकडे होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी तो मुक्त झाला. १९६२ मध्ये भारत सरकारने हुकूम काढून गोमंतकीयांना भारतीय नागरिक केले. ज्यांना पोर्तुगीजच राहायचे होते, त्यांना तसे लेखी कळविण्यास एक महिना दिला. फादर मोंतेरो या धर्मगुरूंनी तसे कळविले आणि ते गोव्यातच राहिले. राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर त्यांच्यावर खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. आपल्याच गावात माणूस कायद्याने परका ठरला!

पोर्तुगालने मात्र गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व तिथली हुकूमशाही पडल्यानंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले. तरीही १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुला-नातवंडांचा नागरिकत्वाचा दावा त्याने स्वीकारला. त्यासाठी जुना जन्मदाखला शोधायचा, आई-वडिलांच्या लग्नाची नोंद काढायची, नावे जुळवायची आणि लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवायचा. या वाटेने हजारो गोमंतकीय पोर्तुगीज नागरिक झाले. त्यांत ख्रिस्ती आहेत, तसे हिंदू आणि मुसलमानही आहेत.

पण हे लोक पोर्तुगालमध्ये फारसे राहिले नाहीत. गोव्याचा माणूस पोटासाठी बाहेर पडणारा. आधी मुंबई, मग जहाजावरची नोकरी, पूर्व आफ्रिका, पुढे आखाती देश. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात आल्यावर त्याच्या पासपोर्टवर पुढे इंग्लंडमध्ये काम करता येऊ लागले. गोमंतकीय साउथॉल आणि स्विंडन येथे गेले. गोदामांत, कारखान्यांत राबले. पुढे ब्रिटनच युरोपीय संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर नव्याने येणाऱ्यांना ती वाट बंद झाली. एका देशाच्या कागदावर दुसऱ्या देशात बांधलेले घर किती भक्कम, याचा विचार आपण करावा.

त्या बदल्यात त्यांनी काय दिले? भारताचा पासपोर्ट, मतदानाचा हक्क आणि निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क. २००५ च्या दुरुस्तीनंतर मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येता-राहता येते. पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

आम्ही त्यांना दोष देत नाही. भाकरीसाठी गाव सोडणे आपल्या वाडवडिलांनीही केले आहे. मुद्दा निराळा आहे. गोव्याचा नातू आजोबांची नोंद शोधतो, तसा आपल्या वस्तीतला विद्यार्थीही शोधतो. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या मुलीच्या वेळी आम्ही दोन महिने हेलपाटे घातले. शेवटी एका जुन्या वहीत आजोबा सापडले. तिथे आडनाव नव्हते, नुसते एकेरी नाव आणि पुढे जात. जन्मतारीख विचारली की घरात उत्तर एकच, ‘दुष्काळाच्या साली.’ बँकेच्या काउंटरवर आम्ही रोज पाहतो, एका अक्षराच्या फरकाने वारसाचे पैसे अडतात.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, तीन गोष्टी सांगतो. घरातला प्रत्येक जुना कागद जपा, शाळेत नाव घालताना स्पेलिंग तपासा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारखी योजना आहे. शिकायला जरूर जा. बाबासाहेबही कोलंबियाला आणि लंडनला गेले होते आणि विद्या घेऊन परत आले. आणि तिसरे, शिकायला जाणे वेगळे, नागरिकत्व बदलणे वेगळे. ते करायची वेळ आलीच, तर काय मिळते याबरोबर काय सुटते तेही लिहून काढा, आणि एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. नियम बदलतात, कागदावरची सही राहते.

ज्यांच्या आजोबांना नुसते एकेरी नाव होते, त्यांना या देशाने एक मत दिले, आणि त्या मताची किंमत गावच्या पाटलाच्या मताइतकीच ठेवली. ते मत ठेवायचे की सोडायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्याचे मोल कळल्यावर ठरवावे, एवढेच आमचे मागणे.

जय भीम!