गौराई लेक की माय?



गेल्या भादव्यात आमच्या गटाच्या बैठकीत वाद झाला. हप्त्यावरून नाही, गौराईवरून. एका घरची नवी सून म्हणाली, "आमच्या माहेरी गौरी म्हणजे गणपतीच्या बहिणी." सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आई आहे ती गणपतीची. तुला माहेरी काही शिकवलंच नाही." सून गप्प झाली. पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. तिची बचत तेवढी सासूबाईंच्या हाती यायची.

आम्हाला ते लागलं. मग आम्ही प्रत्येकीला विचारलं, तुमच्याकडे काय सांगतात आणि कोणी सांगितलं?

आखाजीला आपल्या खानदेशात गौराई घरची लेक असते. माहेरी येते, तिच्यासाठी झोके बांधतात, गाणी म्हणतात. भादव्यात तीच कुणाकडे गणपतीची आई, कुणाकडे बहीण. पुढे कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई मांडतात, तीही पार्वतीच, पण गाण्यांत सासुरवाशीण.

पोथ्यांतही एकमत नाही. शिवपुराणात पार्वतीनं अंगाच्या मळातून गणपती घडवला, वराहपुराणात तो शंकराच्या हसण्यातून झाला. आपल्याकडे कार्तिकस्वामी थोरला आणि ब्रह्मचारी. तमिळनाडूत गणपती थोरला, आणि धाकट्या कार्तिकस्वामीला वल्ली व देवसेना अशा दोन बायका. दूर ग्रीस देशातही हेच. त्यांची प्रेमाची देवी अ‍ॅफ्रोडाइटी होमर कवीच्या काव्यात झ्यूस देवाची लेक आहे, तर हेसिअड कवी सांगतो की ती समुद्राच्या फेसातून जन्मली.

संतोषी माता गणपतीची लेक, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना १९७५ च्या 'जय संतोषी माँ' सिनेमामुळे माहीत झालं. शिवपुराणात मात्र गणपतीला क्षेम आणि लाभ हे दोन मुलगेच आहेत. म्हणून कुणाचा शुक्रवार खोटा ठरत नाही. गोष्ट कुठून आली, एवढं कळतं.

गोष्टी तोंडातोंडी चालत आल्या. लेक सासरी जाताना भांड्यांबरोबर माहेरची गोष्टही नेते. मग एकाच घरात दोन गोष्टी नांदतात, आणि बहुतेक वेळा गप्प बसावं लागतं ते सुनेला.

बचतीच्या वहीत रकमेपुढे आपण नाव आणि तारीख लिहितो. तशीच एक वही आम्ही गोष्टींसाठी केली. कोणी सांगितली, कोणत्या गावची, पोथीतली की आजीच्या तोंडची, सगळं त्यात लिहितो. "खरी कोणती?" असं विचारलं की भांडण होतं. "कुठली?" असं विचारलं की बाई बोलू लागते.

तिसऱ्या बैठकीला ती सून आली. वही सासूबाईंनीच तिच्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "लिही माय, तुमच्याकडची."

येत्या आखाजीला तुमच्या गटातही अशी वही काढा. आणि सगळ्यात गप्प बसते, तिला आधी विचारा.