दुर्बळ हृदय आणि थकलेले पाय
(महोत्सव-सभेंत केलेलें भाषण)



आज या मंडपांत जे येऊं शकले नाहींत, त्यांच्याविषयीं चार शब्द बोलावेत अशी आमची इच्छा आहे. आजाऱ्यांच्या भेटीस घरोघर जातांना हृदयाच्या दुर्बळतेनें पीडलेलीं पुष्कळ माणसें आम्हांस आढळतात. त्यांच्यासंबंधीं दोन प्रकारचीं बोलणीं कानीं येतात. कोणी म्हणतो, “औषध चालू आहे, मग दहा पावलांत दम कसा लागतो? हा आळस होय.” दुसरा म्हणतो, “हृदय नाजूक आहे. खाटेवरून उठूंच नये.” हीं दोन्ही बोलणीं चुकीचीं आहेत.

आपले स्नायु ज्या इंधनावर चालतात त्यास एटीपी म्हणतात. त्याचा साठा कांहीं सेकंदच पुरतो; म्हणून तें क्षणोक्षणीं नव्यानें तयार व्हावें लागतें. पहिली भरपाई फॉस्फोक्रिएटिन नांवाचें द्रव्य करतें. 1927 सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें फिस्के व आपले भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीं, आणि त्याच सुमारास इंग्लंडांत एगल्टन दांपत्यानें, तें शोधून काढलें. पुढील दीर्घ काम स्नायूंतील तंतुकणिका रक्तानें आणलेल्या प्राणवायूच्या साह्यानें करतात.

हृदयाचें बळ घटलें म्हणजे चालतांना स्नायूंस रक्त कमी पोहोंचतें, हें खरें. पण गोष्ट तेथेंच संपत नाहीं. 1980 नंतरच्या दशकांत चुंबकीय यंत्रानें अशा रोग्यांच्या हाताचे स्नायु तपासण्यांत आले. काम हलकें होतें. हृदयावर त्याचा भार फारसा नव्हता. तरीहि निरोगी माणसापेक्षां त्यांचें फॉस्फोक्रिएटिन लवकर उतरलें आणि स्नायूंत आम्लता वाढली. स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले असतां तंतुकणिका घटलेल्या, आणि चिवट तंतूंच्या जागीं लवकर थकणारे तंतु वाढलेले दिसले. विहिरीचें पाणी आटलें, आणि शेताचा कसहि गेला, असाच हा प्रकार होय. म्हणून औषधानें हृदय सुधारलें तरी पायांचें बळ लागलीच परत येत नाहीं. त्या माणसास आळशी म्हणणें हा अन्याय होय.

आतां खाटेची गोष्ट. पडून राहिल्यानें निरोगी माणसाचेहि स्नायु झिजतात. मग रोग्याचें काय सांगावें! पूर्वीं वैद्य संपूर्ण विश्रांति सांगत. तें मत आतां पालटलें आहे. अमेरिका, कॅनडा व फ्रान्स येथील 2331 रोग्यांचें एक परीक्षण 2009 सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत बेताचा, नियमित व्यायाम सुरक्षित ठरला आणि रोग्यांचें दैनंदिन जीवन कांहींसें सुसह्य झालें. लाभ माफक होता, चमत्कार नव्हता. परंतु स्वतःच्या पायांनीं अंगणापर्यंत जातां येणें ही गोष्ट आजाऱ्यास लहान वाटत नाहीं.

मात्र सूज व दम वाढलेला असतांना व्यायाम नको. प्रकृति स्थिर झाल्यावर, डॉक्टरांच्या संमतीनेंच, सपाट वाटेवर पांच-दहा मिनिटांपासून आरंभ करावा. सेमिनरी हिल्सचा चढ एकदम धरूं नये. चालतांना बोलतां आलें पाहिजे. बोलणें तुटूं लागलें कीं थांबावें. आपल्या नागपुरांत वैशाखांत पारा 45 अंशांकडे धांवतो, तेव्हां पहाटेचीच वेळ बरी. छातींत कळ आली किंवा भोवळ आली, तर तेथेंच थांबून डॉक्टरांस कळवावें. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलें तरीहि विलंब करूं नये.

बंधुभगिनींनो, आमची विनंति एवढीच आहे. मिस्सेस येतांना अशा शेजाऱ्याच्या चालीनें चाला. तो थांबला तर तुम्हीहि थांबा, आणि देवळांत दाराजवळचा बाक त्याच्यासाठीं मोकळा ठेवा.