बधिर चट्टा आणि भक्षक पेशी

वरोऱ्याचं आनंदवन तुम्हाला नव्याने सांगायला नको. बाबा आमटे यांनी 1951 साली कुष्ठरुग्णांसाठी ते उभं केलं, त्याआधी बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले होते. तिथे प्रयोगासाठी त्यांनी कुष्ठजंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतल्याचं प्रसिद्धच आहे. रोग काही झाला नाही. श्रेय आपण धैर्याला देतो. थोडं मॅक्रोफेज नावाच्या पेशींनाही द्यायला हवं.

मॅक्रोफेज म्हणजे शरीरात शिरलेला जंतू गिळून पचवणारी भक्षक पेशी. असं गिळणं मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने 1882 साली तारामाशाच्या अळीत पाहिलं, आणि 1908 साली त्यांना नोबेल मिळालं.

कुष्ठजंतू मात्र मोठा बिलंदर. मॅक्रोफेज त्याला गिळते, पण त्याचं आवरण मेणचट, ते सहजी पचत नाही. तो तिच्याच पोटात बिऱ्हाड करतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात, म्हणून लागण झाल्यापासून अंगावर बधिर चट्टा उमटेपर्यंत कित्येक वर्षं जातात. टी-पेशींकडून, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या रक्षक पेशींकडून, इशारा आला, तर हीच मॅक्रोफेज खवळून जंतूला संपवते. बहुतेकांच्या शरीरात तसंच होतं. इशारा अपुरा पडला, तर पेशी जंतूंनी भरतात, कातडी जाड होते, कानाच्या पाळ्या सुजतात. या झटापटीत नसाही भरडल्या जातात. मग चुलीवर हात भाजला, बांधीत पायाला काटा रुतला, तरी कळत नाही.

गडचिरोली-चंद्रपुरात आजही नवे रुग्ण सापडतात. आशाताई दारात येऊन चट्ट्याबद्दल विचारतात, तेव्हा लाजेने पदर ओढून घेणारे कमी नाहीत. ही लाज कशाची, मला कधीच कळलेलं नाही. सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात, रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने.

या औषधांतलं क्लोफाझिमिन हे औषध तर मॅक्रोफेजमध्येच जाऊन साठतं, म्हणजे जंतू जिथे दडलाय नेमकं तिथे. त्यानेच कातडी लालसर-काळी पडते, आणि कित्येक जण घाबरून गोळ्या सोडतात. कोर्स संपल्यावर तो रंग काही महिन्यांत हळूहळू उतरतो. तोवर गोळ्या चालूच ठेवा.